धुराची लांबवलेली वाट

तंबाखू सावकाश ओढण्याचे सारे कसब धूर तोंडाशी येण्याआधी थंड करण्यात आहे. निखाऱ्यावरून थेट आत घेतलेला धूर जिभेला पोळतो, कडू लागतो आणि पानाचा मूळ वास जाळून टाकतो. हे टाळण्यासाठी क्यूबाच्या सिगारने पानांचाच आधार घेतला, मराठवाड्याच्या चिलमीने ओल्या फडक्याचा आणि दख्खनच्या हुक्क्याने पाण्याचा. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, परिसरात यांपैकी शेवटचे दोन प्रकार शतकानुशतके नांदले.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिथून विजापूरच्या आदिलशाहीत पोचली. उत्तरेतल्या मोगल दरबाराला तिची ओळख दख्खनने करून दिली, आणि निमित्त होते एका लग्नाचे. अकबराचा मुलगा दानियाल आणि विजापूरची राजकन्या यांचा विवाह १६०४ मध्ये पैठणजवळ गोदाकाठी झाला. या लग्नाच्या कामगिरीवर असद बेग नावाचा मोगल अधिकारी विजापूरला गेला होता. परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी आग्र्याला नेली. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली, तेव्हा कोणतीही रीत आरंभी नवीच असते, अशी बाजू असद बेगने मांडली. हा सगळा वाद त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. अकबराने पुढे तंबाखूचा नाद ठेवला नाही, पण उमरावांनी ती उचलली. १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली, तरी ती फारशी कोणी मानली नाही.

हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. गिलानी १५८९ मध्ये वारला, म्हणजे असद बेगची तंबाखू आग्र्याला पोचण्याच्या पंधरा वर्षे आधी. त्यामुळे हे श्रेय जपूनच द्यावे.

सर्वांत साधे साधन चिलीम. मातीची सरळ नळी, वरच्या रुंद तोंडात खडा, त्यावर चुरलेली तंबाखू आणि वर विस्तव. खालच्या टोकाला छापी गुंडाळतात. छापी म्हणजे भिजवून पिळलेले छोटे फडके. त्यातून येताना धूर निवतो, राख अडते आणि चिलीम एकाकडून दुसऱ्याकडे फिरवता येते. चिलीम भरण्याचा हा क्रम मराठी वाचकांना ‘श्रीसाईसच्चरिता’तून चांगला ठाऊक आहे. पैठण तालुक्यातल्या धूपखेड्याचे चांद पाटील हरवलेली घोडी शोधत निघाले असता वाटेत त्यांना एक फकीर भेटतो आणि चिलीम ओढायला बसवतो. छापी भिजवायला पाणी नाही आणि तंबाखू पेटवायला विस्तव नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसून विस्तव काढतो, सटका आपटून पाणी काढतो, छापी भिजवून पिळतो, स्वतः चिलीम ओढतो आणि मग पाटलांना देतो. ग्रंथकार गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी हा प्रसंग सांगितला तो चमत्कार म्हणून. पण त्याच कथेत, चिलीम नीट ओढायची तर विस्तवाइतकीच पाण्याची गरज असते, ही व्यवहारातली माहितीही अचूक आली आहे. हा फकीर म्हणजे शिर्डीला येण्यापूर्वीचे साईबाबा, आणि ही भेट औरंगाबादच्या मुलखाशी जोडलेली आहे.

हुक्क्यात धूर थंड करण्याचे हेच काम जास्त विस्ताराने होते. वर चिलीम, तिच्याखाली पाण्यात बुडणारी उभी नळी, तळाला पाण्याचे भांडे आणि भांड्याच्या बाजूने निघणारा लांब लवचिक नेचा. ओढणाऱ्याने हवा खेचली की भांड्यातला दाब कमी होतो, चिलमीतला धूर पाण्यातून बुडबुड्यांनी वर येतो आणि मगच नेच्यात शिरतो. साध्या माणसाच्या गुडगुडीत नारळाची करवंटी हे भांडे असे. त्यात भरायची ती गुडाखू, म्हणजे गूळ किंवा काकवी घालून मळलेली आणि मुरवलेली तंबाखू. गुळाच्या ओलाव्यामुळे ती भडकन जळत नाही, कोळशाच्या धगीवर शिजत राहते. म्हणून हुक्का घाईने ओढता येतच नाही. श्रीमंतांच्या घरी पाणी बदलायला, कोळसा राखायला आणि नेचा साफ ठेवायला हुक्केबरदार नावाचा स्वतंत्र नोकर असे.

हुक्क्याच्या पाण्याच्या भांड्यांवर दख्खनने आपली सर्वांत सुंदर धातुकला खर्च केली. बिदरी कामाचा धातू मुख्यतः जस्ताचा. तांब्याचे प्रमाण त्याच्या सुमारे सोळाव्या हिश्श्याइतके. ओतीव भांड्यावर नक्षी कोरून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्याला चोळतात. मातीतल्या क्षारांमुळे जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो आणि चांदी मात्र पांढरीच राहते. सतराव्या शतकातली हुक्क्याची भांडी चेंडूसारखी गोल असत, ती उभी ठेवायला खाली कडे लागे. अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची, सपाट बुडाची भांडी आली आणि कड्याची गरज संपली. बैठकीत मधोमध ठेवायच्या, एका जागी तासभर राहणाऱ्या वस्तूला स्थिर बूड हवे, हे कारागिरांनी ओळखले, आणि त्या आकारात नक्षीलाही सलग जागा मिळाली. लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आज अशी भांडी मानाने मांडलेली आहेत. आसफजाही राजधानी १७६३ मध्ये हैदराबादला हलेपर्यंत औरंगाबाद दख्खनच्या कारभाराचे केंद्र होते आणि पुढे १९४८ पर्यंत बिदर व औरंगाबाद एकाच निजामी राज्यात राहिली. औरंगाबादेत हिमरू विणकामाबरोबर बिदरी कामही रुजले. या कारागिरीला आज फुलदाण्या, डब्या आणि दागिन्यांनी आधार दिला आहे.

क्यूबाच्या सिगारला पाणी लागत नाही, फडकेही नाही. पश्चिम क्यूबातल्या व्हुएल्ता आबाहो भागातली पाने यासाठी नावाजलेली आहेत. आतल्या भरणात एकाच झाडाची तीन प्रकारची पाने असतात. खालचे व्होलादो चांगले जळते, मधले सेको वास देते आणि वरचे, सर्वांत जास्त ऊन घेतलेले लिहेरो जाड, कडक व मंद जळणारे असते. लिहेरो मध्यभागी घालतात, म्हणून सिगार एकसारखी आणि हळू जळते. सिगार वळण्याआधी पानांच्या गंजी रचून ती आंबवतात. गंजीच्या पोटातल्या उष्णतेने अमोनिया निघून जातो आणि पानाचा उग्रपणा कमी होतो. सर्वांत बाहेरचे नितळ पान सावलीसाठी ताणलेल्या कापडाखाली वाढवलेले असते. चार-पाच इंचांची जाड सिगार पाऊण ते एक तास चालते. मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा, हा अनुभवी लोकांचा प्रघात आहे. घाई केली की निखारा तापतो आणि गोडसर, लाकडासारखा वास कडवटपणात बुडतो. धुराचे काही घटक पुढच्या पानांत अडकत जातात, त्यामुळे शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात चव आपोआप जड होते.

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात, तरी नशा होते. तिचा धूर अल्कधर्मी असतो आणि अशा माध्यमात निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. मराठवाड्यातला शेतकरी तळहातावर तंबाखू मळताना चुना घालतो, त्यामागेही हेच रसायन आहे. चुन्याने तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो आणि दाढेखाली धरलेली चिमूट भराभर लागू होते. हवानातला शौकीन आणि बांधावर चंची सोडून बसलेला माणूस एकाच वाटेने निकोटिन घेतात.

थंड झालेला धूर सौम्य भासतो, आणि यातच सर्वांत मोठी फसगत आहे. पाण्यात धुराची धग आणि निकोटिनचा थोडा अंश राहतो. डांबर, जड धातू आणि कोळशातून आलेला कार्बन मोनॉक्साइड बहुतांशी पुढे जातोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणानुसार हुक्क्याची एक बैठक २० ते ८० मिनिटे चालते, तीत ५० ते २०० झुरके घेतले जातात आणि शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर शरीरात जाऊ शकतो. सिगारने तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चुन्याच्या तंबाखूने गालाचा आणि हिरड्यांचा कर्करोग महाराष्ट्रात किती घरांत पोचवला आहे, हे रुग्णालयांच्या बाकांवर रोज दिसते. सावकाशीने चव सुधारते, विष कमी होत नाही. तंबाखू विकणाऱ्या कंपन्यांनी ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी.

फळांच्या स्वादाचा नवा हुक्का शहरांत पार्लरच्या रूपाने पसरल्यावर आणि मुंबईच्या कमला मिल परिसरातील डिसेंबर २०१७ च्या आगीनंतर महाराष्ट्राने २०१८ मध्ये तंबाखू नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. पार्लर चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. सिगारला ही दुरुस्ती लागू नाही. तिला मूळ २००३ चा केंद्रीय कायदा लागतो. त्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ती ओढता येत नाही. तीस किंवा जास्त खोल्यांची हॉटेले, तीस किंवा जास्त आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना मात्र धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते.