परतीची तारीख

नौदलातून निवृत्त झालेला एक अधिकारी, त्याची पत्नी आणि त्यांची मुलगी असे एक भारतीय कुटुंब जमिनीवरचे घर आवरून शिडाच्या नौकेवर संसार करीत आहे, ही वार्ता वृत्तपत्रांतून आल्यापासून ठाकुर्लीच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या आमच्या मंडळींत दोन तट पडले आहेत. एक तट त्या धाडसाची मुक्तकंठाने प्रशंसा करतो. दुसरा, मुलीच्या शाळेचे काय, असे विचारून त्या मातापित्यांना दोष देतो. दोघांचेही लक्ष प्रस्थानावर खिळलेले आहे. माझे मन मात्र त्या कुटुंबाच्या परतीभोवती घोटाळत राहते. कारण समुद्रावरून परत आलेल्या एका बिऱ्हाडाचे दिवस मी भिंतीपलीकडून पाहिले आहेत.

आमच्या शेजारचे गृहस्थ मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर आहेत, किंवा आमच्याकडे म्हणतात त्याप्रमाणे ‘बोटीवर’ आहेत. अधिकाऱ्यांना काही मुदतीपुरते कुटुंब बरोबर नेण्याची मुभा पुष्कळ कंपन्या देतात. तशी ती मिळाल्यावर पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी पाच महिने त्यांच्याबरोबर समुद्रावर राहून आल्या. पौषात त्या परतल्या तेव्हा मी पाहुणचारासाठी गेलो होतो. पाने मांडली जात असता ती मुलगी मोरीवर गेली, एक रुमाल भिजवून पिळून घेऊन आली, आणि तो आपल्या ताटाखाली नीट पसरून मग जेवायला बसली. जहाज डोलू लागले की कोरड्या टेबलावरून ताटल्या घसरतात, ओल्या कापडावरून घसरत नाहीत. पाच महिने तिच्या हाताला हीच सवय लागली होती. घरात कोणी हसले नाही, कोणी तिला सांगितलेही नाही की अगं, ही फरशी हलत नाही. त्या घराचे हे शहाणपण मला फार मोलाचे वाटले.

पुढे कळले की ती रात्री मध्येच जागी होते. शेवटची लोकल कल्याणकडे निघून गेली आणि रूळ शांत झाले की ती उठून बसते. मी एकदा जिन्यात तिला सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, आवाज बंद पडला ना, म्हणून.” जहाजावर इंजिनाची घरघर अहोरात्र चालू असते, ती थांबली की गाढ निजलेले माणूसही दचकून उठते, कारण मध्यसमुद्रात इंजिन थांबणे हे सहसा शुभलक्षण नसते. रुळांच्या कडेला जन्म काढलेल्या आम्हांला जी शांतता विश्रांतीची वाटते, ती त्या पोरीला संकटाची सूचना वाटत होती.

परंतु ताटाखालचा रुमाल आणि मध्यरात्रीची जाग यांचा बोजा त्या मायलेकींनी सहज पेलला. त्यांना जड गेली ती शाळा. शाळेने मुलीचे नाव दीर्घ गैरहजेरीमुळे पटावरून कमी केले होते. नवीन प्रवेशासाठी दाखला पाहिजे, दाखल्यासाठी हजेरी पाहिजे, हजेरीसाठी नाव पटावर पाहिजे, असे ते चक्र होते. आणि त्याच्या शेवटी, जूनमध्ये या, पुन्हा त्याच इयत्तेत बसवू, एवढेच आश्वासन होते. त्या बाईंनी किती हेलपाटे घातले हे मी मोजले नाही. पण पायातल्या चपला बाहेर काढताना त्यांचा चेहरा जसा दिसे, तसा तो बंदरात उतरून आलेल्या दिवशीही दिसला नव्हता, हे खात्रीने सांगतो. वस्तुतः बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम सहा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी अशीच वेळ ध्यानात धरून लिहिला गेला आहे: मूल मध्ये शाळेबाहेर राहिले असेल तर त्याला वयाला योग्य अशा इयत्तेत घ्यावे, मागे पडलेल्या भागासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळावे, आणि दाखला यायला उशीर झाला एवढ्या कारणावरून प्रवेश अडवू नये, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्या दाराशी बसणाऱ्याला ते उघडे असल्याचे ठाऊक नसते.

परतणाऱ्याशी समाजाने असे वागणे नवे नाही. समुद्रयात्रेचा निषेध म्हणून आपण जो ओळखतो त्याचे मूळ वचन बारकाईने पाहिले असता मन विषण्ण होते. कलियुगात वर्ज्य ठरविलेल्या आचारांची जी यादी आहे, आणि जिचा ऊहापोह भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विस्ताराने केला आहे, तिच्यात नौकेने समुद्रावर गेलेल्या द्विजाविषयीचे कलम त्याच्या जाण्यापेक्षा त्याच्या संग्रहाविषयी आहे. प्रायश्चित्त घेऊन तो शुद्ध झाला तरी त्याला पुन्हा आपल्यात घेणे वर्ज्य, असा त्याचा आशय. शासन आहे ते परतण्याला. रघुनाथरावांनी १७८१ च्या सुमारास हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील इंग्लंडला रवाना केला, तेव्हा एडमंड बर्कने आपल्या बागेतील काचघर त्याच्या स्वयंपाकासाठी आणि सोवळ्यासाठी मोकळे करून दिले. आणि सातासमुद्रांपलीकडे ज्याची अशी सोय लागली, त्याला स्वदेशी आल्यावर शुद्धीच्या विधींतून जावे लागले.

ठाकुर्लीहून पुढचेच स्थानक कल्याण. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर मराठी आरमाराची पहिली जहाजे कल्याणच्याच खाडीत बांधली गेली, दुर्गाडी किल्ला आजही त्या पाण्याकडे पाहत उभा आहे, हे आमच्या मुलांना पाठ असते. त्याच कल्याणात वाढलेली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेली, हेही सर्वांना ठाऊक असते. पण जाण्यापूर्वी तिने काय केले ते मला तिच्या पदवीइतकेच थोर वाटते. तिचे पती गोपाळराव टपाल खात्यात बंगालमधील श्रीरामपूर येथे नोकरीस होते. तेथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वय वर्षे सतरा असता, ती सभेपुढे उभी राहिली आणि लोक तिला जे प्रश्न विचारीत त्यांची तिने एकेक करून उत्तरे दिली. त्यांत एक प्रश्न होता तो परत आल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याचा. मी हिंदू म्हणून जाणार आहे, हिंदू म्हणूनच परत येणार आहे आणि आपल्याच लोकांत राहणार आहे, या आशयाचे तिचे उत्तर होते. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली. म्हणजे गलबत हाकारण्यापूर्वी तिने आपले परतणे जाहीर करून ठेवले होते.

तिने वचन पाळले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक ठरली. आणि क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन, आता गोपाळरावांसह, ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस उतरली. नेमणुकीच्या जागी रुजू होणे तिच्या नशिबी नव्हते. साडेतीन महिनेही लोटले नाहीत तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, ती पुण्यात निवर्तली. तिची रक्षा तिला मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावली. कल्याणच्या मुलीचा तो दगड मी पाहिलेला नाही. पण कल्याणला गाडी थांबली की त्याची आठवण येते.

आपल्या काळातले उदाहरण घ्यायचे तर कमांडर दिलीप दोंदे यांचे घ्यावे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून निघालेली सागरपरिक्रमा त्यांनी एकट्याने, शिडाच्या बळावर पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाऊन ही चार बंदरे करून मे २०१० मध्ये मुंबईलाच आले. ‘मुंबईलाच’ हा शब्द येथे अलंकारासाठी नाही. परिक्रमेचा नियमच असा की जेथून निघालात तेथेच पोहोचले पाहिजे. केप हॉर्नच्या भूशिराला वळसा घालून आलेला खलाशी शेवटच्या पन्नास कोसांवर दुसऱ्या बंदरात उतरला तर त्याची परिक्रमा होत नाही. देवळातली प्रदक्षिणा जशी उंबऱ्याशी परत आल्यावाचून पुरी होत नाही, तसेच हे. आणि तरी आपण आषाढात लाखोंनी पंढरीकडे जाणाऱ्या वारीची छायाचित्रे पाहतो, गोपाळकाल्यानंतर पालखीबरोबर पायीच माघारी निघालेल्या परतवारीतले मोजके वारकरी कोणत्या गावी मुक्कामाला आहेत याची चौकशी सहसा करीत नाही.

दोंदे प्रौढ होते, स्वेच्छेने गेले. मुलाची गोष्ट निराळी. इंग्लंडमधील सुझान हेवूड या बाईंनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्हवॉकर’ या पुस्तकात आपल्या बालपणाची हकीकत लिहिली आहे. १९७६ मध्ये, त्या सात वर्षांच्या असताना, वडिलांनी कॅप्टन कूकच्या मार्गाने जाण्यासाठी प्लिमथहून शिडाची नौका हाकारली. बरोबर पत्नी, ही मुलगी आणि धाकटा मुलगा. मुदत तीन वर्षांची ठरली होती. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एका प्रचंड लाटेने नौका फोडली, मुलीच्या कवटीला इजा झाली, आणि आम्स्टरडॅम नावाच्या एकाकी बेटावर तिच्यावर भूल न देता शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तरीही प्रवास थांबला नाही. तीन वर्षांची दहा झाली. ही मुलगी टपालाने येणाऱ्या धड्यांवर शिकत राहिली. सोळाव्या वर्षी न्यूझीलंडमधील रोटोरुआ येथे धाकट्या भावाला सांभाळत, आईबाप समुद्रावर असताना, तिने विद्यापीठांना पत्रे लिहिली आणि ऑक्सफर्डने तिला घेतले. तिला घरी कोणी नेले नाही. ती स्वतः अर्ज लिहून घरी गेली.

त्या लाटेपेक्षा मला तिनाची दहा झालेली वर्षे अधिक भयंकर वाटतात. लाट दैवाची, मुदत पित्याने मोडली. ज्यांना परतीची तारीख नाकारली गेली त्यांचे काय होते हे आपण २०२० मध्येही पाहिले, जेव्हा साथीमुळे बंदरे बंद झाली आणि कराराची मुदत संपूनही जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी जहाजांवर अडकून पडले. आमच्या या पट्ट्यातल्या अनेक घरांत त्या दिवसांत फोनची घंटा वाजली की स्वयंपाकघरातले हात थांबत.

म्हणून फलाटावरच्या दोन्ही तटांना माझे सांगणे आहे. आईबापांनी मुलाला समुद्रावर नेऊ नये असे मी कदापि म्हणणार नाही. ओल्या रुमालाची युक्ती ज्या मुलीला आठव्या वर्षी कळली तिचे काही नुकसान झाले असे मला वाटत नाही. पण निघण्यापूर्वी परतीची तारीख मुलाला समजेल अशा शब्दांत सांगितलेली असावी, आणि ती बदलायची झाल्यास त्या मुलाला विचारावे. त्याच्या मताला सुकाणूवरच्या माणसाच्या मताइतके वजन असावे. आणि गावाने आपल्याकडून एवढे करावे: महापालिकेच्या शिक्षण विभागाने प्रत्येक शाळेला, ती कोणाचीही असो, वयानुरूप प्रवेशाचे कलम लेखी कळवावे, आणि ते प्रवेश देणाऱ्या कारकुनाच्या टेबलासमोर, पालकाला वाचता येईल असे, मराठीत लावलेले असावे. बोटीवरून आलेले मूल, ऊसतोडीवरून आलेले मूल, वीटभट्टीवरून आलेले मूल, तिघांनाही ते एकच कलम लागू आहे; आणि तिघांपैकी बोटीवरून आलेल्याच्या आईला हेलपाटे घालण्याची सवड तरी असते.

शेजारची मुलगी जूनमध्ये दुसऱ्या एका शाळेत तिच्या वयाच्या इयत्तेत बसली. रुमाल गणपतीच्या सुमारास सुटला. गेल्या महिन्यात वडील पुन्हा बोटीवर गेले, या खेपेस एकटेच. त्यांच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या बाजूला कालनिर्णय टांगलेले आहे. वडिलांची बॅग भरून होण्याआधी ती स्टुलावर चढली, पाने उलटत गेली, आणि त्यांनी सांगितलेल्या तारखेभोवती तिने निळ्या पेनाने गोल काढला. मग पेन वडिलांच्या हातात देऊन म्हणाली, “बाबा, इथे सही कर.” त्यांनी ती केली आहे.