पाने राखून सफाई

लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढचे सुमारे 26 दिवस अंडी उबवायची आणि मग पिल्ले वाढवायची, हे सारे नराच्या वाट्याला येते. घरटे असते पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर. चार काड्या, थोडा पाला, एवढेच. धोका वाटला तर नर चोच आणि छाती यांच्यात अंडे धरून ते दुसऱ्या जागी ओढत नेतो. पण त्यासाठी शेजारी पान शिल्लक असावे लागते.

वाघोली हे गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. गाव शहरात आले की तलावाच्या सुशोभीकरणाचा विषय निघतो. त्या चर्चेत पाण्यावरचे प्रत्येक पान घाण ठरते. तलाव स्वच्छ म्हणजे काठापासून काठापर्यंत उघडे पाणी आणि भोवती दगडी बांध, ही समजूत कोणी पसरवली? कमळपक्ष्याची लांबलचक बोटे त्याचा भार पानावर पसरवतात, म्हणून तो बुडत नाही. उघड्या पाण्यावर त्या बोटांना काही आधार नाही.

जलपर्णी काढलीच पाहिजे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर माजते आणि पाण्याचा श्वास कोंडते. सांडपाणी थांबत नाही तोवर ती परत येणार, हेही खरे. पण यंत्राचा पंजा जलपर्णी आणि कमळ यांत फरक करत नाही. कुमुदिनी, कमळ सगळे एकाच ढिगात काठावर येते. शिवाय जिथे दुसरे पान उरलेलेच नाही, तिथे हा पक्षी जलपर्णीवरही घरटे करतो. त्याची वीण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. त्या काळात यंत्र पाण्यात उतरले तर अंडी कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. ती पाल्यासोबत उचलली जातील.

वाघोलीतल्या वाघेश्वर मंदिराजवळच्या तलावाच्या सफाईची निविदा निघेल तेव्हा तिच्यात दोन अटी लेखी हव्यात. जलपर्णी मे संपण्याआधी काढावी आणि पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत यंत्र पाण्यात घालू नये. कमळ-कुमुदिनीचा पट्टा जिथे असेल तिथे तो राखावा, नसेल तिथे लावावा. आणि काम सुरू होण्याआधी पक्षी ओळखणाऱ्या माणसाला काठावर न्यावे, ठेकेदाराला कुठली पाने सोडायची ते त्याने हात करून दाखवावे.