उतारावरची जमीन

टांझानियातल्या लुशोटो गावातून इरेंटेच्या कड्यापर्यंतची वाट दीडेक तासाची. साठी उलटलेल्या माणसाला दम लागतो, पण झेपते. दुतर्फा निलगिरी, मक्याची नि कोबीची वावरे, 'जाम्बो' म्हणत मागे धावणारी पोरे. मग एकाएकी वाट संपते आणि जमीनही. समोर शेकडो मीटर तुटलेला कडा, खाली मसाई लोकांचा अफाट माळ आणि त्यावर रेघा आखल्यासारखे घायपाताचे मळे. कोकणकडा पाहिलेला माणूसही तिथे गप्प होतो.

मीही झालो. पण बरोबरचा वाटाड्या कड्याकडे बघतच नव्हता. तो मागच्या उतारावरचे एक वावर दाखवत होता. केळीखाली घेवडा. त्याच्या आईचे वावर. निघताना याच्याच मजुरीवरून मी घासाघीस केली होती. बँकेतली खोड, दुसरे काय!

या उसांबारा डोंगरांत दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी माती अडवण्याची योजना आणली. उतारावर आडवे वरंबे घालायचे, तेही सक्तीने. माती वाहून जात होती, हे साहेबाचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्या बायकांच्या पाठीवर हे काम पडणार होते, त्यांना कोणी विचारले नाही. आपली जमीन जाईल, ही भीतीही होती. लोक बिथरले आणि १९५०च्या दशकातच योजना गुंडाळावी लागली.

साहेबाला हसणे सोपे आहे. न्येरेरे यांनी १९६७ च्या फेब्रुवारीत बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या; आपल्याकडे १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. दोन्हीकडे शब्द एकच होता, गरिबासाठी. त्याच शब्दाच्या जोरावर पुढे मी घाटमाथ्यावरच्या एका शाखेत खुर्चीवर बसलो. तिथे एक मावशी सातबारा पदराला बांधून तीनदा आली. बांधबंदिस्तीला कर्ज हवे होते. मी शेरा मारला, 'जमीन उताराची, तारण अपुरे.' ती जमीन मी पाहिलीही नव्हती. ब्रिटिश साहेबाने निदान उतार तरी पाहिला होता.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. निसर्गसौंदर्य म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ते बहुतेक वेळा कुणाचे तरी शेत असते. आफ्रिकेत जा किंवा आपल्या सह्याद्रीत, गावातलाच वाटाड्या घ्या, मजुरीत घासाघीस करू नका आणि कड्यावर पोचण्याआधी एकदा विचारा, हे वावर कुणाचे? दृश्य फुकट असते, ही आपली समजूत आहे. ते राखणाऱ्याला ते रोज महाग पडते.

लुशोटोला परतल्यावर वाटाड्याला त्याने आधी सांगितलेली पूर्ण रक्कम दिली. त्यात औदार्य नव्हते, ती थकबाकी होती. मावशीची मात्र राहून गेली.