दगड निघाले, तरीही

बस्तरची सोनी सोरी मार्च २०२२ मध्ये निर्दोष सुटली. एस्सार कंपनीकडून माओवाद्यांना पैसे पोचवण्यात तिचा हात होता, हा आरोप दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयात टिकला नाही. तिला अटक झाली होती ऑक्टोबर २०११ मध्ये. मधे गेली दहा वर्षांहून जास्त. बातमी आली तेव्हा "अखेर न्याय मिळाला" असं आपल्यातल्याही काहीजणी म्हणाल्या. मला ते पटत नाही. जो गुन्हा तिने केलाच नाही त्याचा खटला संपला, एवढंच झालं. जो गुन्हा तिच्यावर झाला त्याबद्दल एकाही पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही.

सोनी ही आदिवासी शिक्षिका. दंतेवाडा जिल्ह्यात जबेलीची सरकारी आश्रमशाळा चालवायची, तीन लेकरांची आई. घर राजकारणातलं. वडील अनेक वर्षं सरपंच, काका कम्युनिस्ट पक्षाचे आमदार राहिलेले. २००९ मध्ये तिच्या भाच्याला, लिंगाराम कोडोपीला, पोलिसांनी उचलून ठाण्यात डांबलं. विशेष पोलीस अधिकारी हो, म्हणजे आपल्याच लोकांविरुद्ध बंदूक घे, असा दबाव होता. त्याला उच्च न्यायालयातून सोडवून आणण्यात सोनी पुढे होती. पोलिसांच्या नजरेत ती भरली ती तेव्हापासून. इकडे जून २०११ मध्ये माओवाद्यांनी तिच्या वडिलांच्या पायात गोळी घातली, पोलिसांचे खबरे म्हणून. आणि तीनच महिन्यांनी पोलीस म्हणू लागले की ही बाई माओवाद्यांची हस्तक! बाप एका बाजूचा खबऱ्या, लेक दुसऱ्या बाजूची, आणि दोघं एकाच घरातली. हा हिशेब कुणालाच खटकला नाही.

आपली बाजू मांडायला ती लपतछपत दिल्लीला पोचली. ४ ऑक्टोबरला तिथे पकडली गेली. मला छत्तीसगडच्या ताब्यात देऊ नका, जिवाला धोका आहे, असं ती न्यायालयात सांगत राहिली. तरी दिलं. दंतेवाड्याच्या ठाण्यात ८ ऑक्टोबरच्या रात्री तिला विवस्त्र करून विजेचे झटके दिले, तिच्या गुप्तांगात दगड घुसवले, असं तिने लिहून दिलं. पोलिसांनी नाकारलं. राज्यातल्या सरकारी दवाखान्यांना काही विशेष दिसलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिच्या शरीरातून दगड काढले. अहवाल न्यायालयात गेला. आणि २६ जानेवारी २०१२ ला, ज्या पोलीस अधीक्षकाचं नाव तिने घेतलं होतं त्याला शौर्यपदक जाहीर झालं, एका वेगळ्याच चकमकीसाठी.

इथे मला मथुरा आठवते. देसाईगंजचं ठाणं, १९७२. तीही आदिवासी, तीही पोलिसांच्या ताब्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही. त्या निकालाविरुद्ध चार प्राध्यापकांनी पत्र लिहिलं, आपण रस्त्यावर उतरलो, १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्या चळवळीचं एक मूळ त्या ठाण्यात आहे. मथुराच्या अंगावर खूण नव्हती म्हणून पुरावा नाही. सोनीच्या अंगातून दगड निघाले, मग पुरावा कसा मोजायचा? आणि २०११ च्या कायद्यात अशा कृत्याला बलात्कार म्हणतच नव्हते. ती व्याख्या बदलली २०१३ मध्ये, दिल्लीच्या घटनेनंतर. दिल्लीसाठी देश पेटला याचं मला वाईट वाटत नाही, वाटूही नये. पण बस्तरचे दगड त्याआधी वर्षभर न्यायालयाच्या कागदांत पडून होते.

तुरुंगात तिच्याकडे एक हत्यार होतं: अक्षर. शिक्षिका असल्यामुळे ती पत्रं लिहू शकली, आणि ती पत्रं बाहेर पोचली म्हणून आपल्याला तिचं नाव कळलं. तिच्या शेजारच्या बायका गोंडी, हलबी बोलणाऱ्या. खटला हिंदीत, कागद हिंदीत, आपल्यावर कलम कोणतं लागलंय हेही ठाऊक नाही. तुरुंगात असतानाच, २०१३ मध्ये, सोनीचा नवराही गेला. तोही कैद भोगून निर्दोष सुटलेला होता.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा जामीन कायम केला. माझ्या मते तिच्या आयुष्याचा महत्त्वाचा भाग इथून पुढे सुरू होतो, आणि आपण नेमका तोच कमी वाचतो. आपल्याला पीडित बाई कळते, वीरांगनाही कळते. पण ही बाई बाहेर आली आणि त्याच वर्षी बस्तरमधून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभी राहिली. हरली. मग गावोगाव जाऊ लागली. २०१५-१६ मध्ये विजापूर जिल्ह्यात सुरक्षा दलांकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी आल्या, तेव्हा त्या बायकांबरोबर ती होती. मर्दूमची चकमक खोटी आहे असं म्हणत ती तक्रार नोंदवायला गेली. २० फेब्रुवारी २०१६ ला जगदलपूरहून परतताना तिला रस्त्यात अडवून चेहऱ्यावर आग करणारं काळं रसायन फासलं. दिल्लीत उपचार घेऊन ती परत गेली ती बस्तरलाच.

मला तिच्या धैर्याची आरती करायची नाही. मला विचारायचं आहे ते आपल्या संघटनांना. गडचिरोली बस्तरला लागून आहे, नदीपलीकडे. तिकडची भाषा इकडेही बोलतात. आपल्या परिषदांत आदिवासी बाई येते ती बहुधा नाच बसवायला किंवा आपबिती सांगायला. ठराव लिहायला आपण बसतो. गोंडी येणाऱ्या किती कार्यकर्त्या आपल्याकडे आहेत? दुभाषी म्हणून तुरुंगात, न्यायालयात उभ्या राहतील अशा? चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैत्रिणींनी पुढच्या बैठकीला ही यादी घेऊन यावं. दोन नावं असली तरी चालतील.