मूल घरी आले, पुढचा आधार कुठे?

देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात ४,५१५ मुले दत्तक गेली. त्यांतील ४,१५५ मुलांना भारतातच घर मिळाले. गेल्या बारा वर्षांतील हा सर्वांत मोठा आकडा असल्याचे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने, म्हणजे ‘कारा’ने, जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये याच ‘कारा’ने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. दत्तक घेण्याआधी, प्रक्रिया सुरू असताना आणि मूल घरी आल्यानंतर अशा तिन्ही टप्प्यांवर समुपदेशन मिळाले पाहिजे आणि त्यासाठी राज्य व जिल्हा पातळीवर पात्र समुपदेशक नेमावेत, असे त्यात बजावले आहे. आकड्यांची बातमी गाजली, पत्राची फारशी चर्चा झाली नाही. दत्तक कुटुंबांच्या दृष्टीने मात्र पत्रच जास्त महत्त्वाचे आहे.

त्याचे कारण एका जुन्या आकड्यात सापडते. ‘कारा’च्याच माहितीनुसार २०१९ पूर्वीच्या पाच वर्षांत १,१०० हून अधिक मुले दत्तक कुटुंबांनी संस्थांकडे परत केली होती. मोठ्या वयाच्या मुलांशी जुळवून घेता न येणे, हे त्यामागे वारंवार सांगितले गेलेले कारण. एकदा सुटलेले मूल दुसऱ्यांदा सुटते, तेव्हा त्याच्या मनावर काय आघात होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण यांतील किती कुटुंबांना वेळेवर योग्य मदत मिळाली असती तर ती टिकली असती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आधीच्या आयुष्याचा ठसा

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. दत्तक असणे हा आजार नाही. बहुतेक दत्तक मुले इतर मुलांसारखीच हसत-खेळत मोठी होतात. प्रश्न असतो तो दत्तक जाण्यापूर्वीच्या काळाचा. पोटात असताना आईचे कुपोषण, जन्मतःच कमी वजन, संस्थेत दर पाळीला बदलणारे चेहरे, काही मुलांच्या वाट्याला आलेली उपासमार किंवा मारहाण, या सगळ्याचा वाढत्या मेंदूवर परिणाम होतो.

याचा सर्वांत नेटका पुरावा रुमानियातून आला. तिथल्या अनाथालयांतील १३६ लहान मुलांवर २००० साली बुखारेस्ट येथे एक प्रयोग सुरू झाला. निम्मी मुले प्रशिक्षित पालकांच्या घरी ठेवली, निम्मी संस्थेतच राहिली. घरी गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक वाढ स्पष्टपणे सुधारली, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी घरी गेली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. रुमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा पाठपुरावा मायकेल रटर या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले प्रौढ होईपर्यंत केला. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ संस्थेत राहिलेली मुले पुढे ब्रिटनमधल्या इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना चंचलपणा आणि नातेसंबंधांतील अडचणी मोठेपणीही जाणवत राहिल्या. मात्र याच गटातील सुमारे एक पंचमांश मुलांना असा कोणताही त्रास झाला नाही.

यातून दोन धडे मिळतात. एक, प्रेमळ घर हेच सर्वांत प्रभावी औषध आहे. दोन, काही मुलांना ते औषध एकटे पुरत नाही.

न कळणारी लक्षणे

अडचण अशी की, ही लक्षणे अनेकदा ‘वाईट सवयी’ वाटतात. पोटभर जेवूनही उशीखाली पोळी लपवणारे मूल चोर नसते. पुढचे जेवण मिळेल याची त्याला अजून खात्री नसते. आईने जवळ घेतले की अंग ताठ करणारे मूल कृतघ्न नसते. याउलट, पहिल्याच दिवशी कोणाच्याही कडेवर जाणारे, अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागणारे मूल घरच्यांना ‘किती लाघवी’ वाटते. दोन-तीन आठवडे असे झाले तर काळजीचे कारण नाही. पण कित्येक महिने उलटूनही मूल आपले आणि परके यांत फरक करत नसेल, तर बालमनोविकारतज्ज्ञाला दाखवावे.

वेळापत्रकही फसवे असते. सुरुवातीचे काही आठवडे मूल अगदी शहाण्यासारखे वागते. मग घर आपले वाटू लागले की हट्ट, आदळआपट, रात्रीचे दचकणे सुरू होते. पालकांना वाटते, आपले काहीतरी चुकले. प्रत्यक्षात, ‘मी असा वागलो तरी हे मला ठेवतील का?’ हे मूल तपासून पाहत असते. पुढचा टप्पा सात-आठ वर्षांच्या आसपास येतो. दत्तक म्हणजे काय, कोणीतरी आपल्याला सोडले होते, हे तेव्हा नीट कळू लागते. शाळेत ‘तान्ह्या बाळाचा फोटो आणा’ किंवा ‘वंशवृक्ष काढा’ असा गृहपाठ मिळतो, आणि लग्नकार्यात एखादी आत्या ‘रक्त कुणाचं कोण जाणे’ असे बोलून जाते. तिसरा टप्पा किशोरवयाचा: मी कोण, कोणासारखा दिसतो?

आता नियम पाहा. दत्तक नियमावलीनुसार मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल लिहिला जातो. म्हणजे वर्षाच्या बाळाची फाइल तिसऱ्या वर्षी शांत होते आणि त्याचा पहिला अवघड प्रश्न आठव्या वर्षी येतो. शिवाय अहवाल लिहिणारी व्यक्ती आणि मदत करणारी व्यक्ती अनेकदा एकच असते. ‘खरे सांगितले तर मूल परत नेतील’ या भीतीने पालक ‘सगळं छान आहे’ म्हणतात आणि चहा देऊन निरोप देतात.

मदत कशी शोधावी?

सुरुवात शरीरापासून करावी. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता या गोष्टी हट्टीपणाचे किंवा मंदपणाचे रूप घेऊन येतात. बालरोगतज्ज्ञाकडून या तपासण्या आधी करून घ्याव्यात. बोलणे किंवा विकास मागे असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची मदत घ्यावी. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत असतात, आणि दत्तक मूलही त्याला तितकेच पात्र आहे.

मनासाठी पहिला फोन दत्तक संस्थेला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला करावा. जुळवून घेण्यात अडचण आल्यास समुपदेशन देणे ही त्यांची जबाबदारीच आहे. ती उपकाराची बाब नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभागात अल्प खर्चात उपचार मिळतात. तातडीने बोलायचे असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही उपलब्ध आहे.

खासगी तज्ज्ञ निवडताना काही प्रश्न बिनधास्त विचारावेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? दत्तक किंवा संस्थेत वाढलेल्या मुलांबरोबर काम केले आहे का? पालकांनाही सत्रांत सामील करून घेणार का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लहान मुलाला एकट्याला खोलीत बसवून ‘दुरुस्त’ करता येत नाही. खेळातून उपचार असो वा आघातानंतरची वर्तनोपचार पद्धत, पालक आणि मूल यांच्यातले नाते हेच उपचाराचे खरे ठिकाण असते.

जबरदस्तीने धरून ठेवणे, उपाशी ठेवणे, ‘आधी याची जिद्द मोडू’ असे सांगणारा कोणताही उपचार ताबडतोब नाकारावा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २००० साली दहा वर्षांच्या दत्तक मुलीला ‘पुनर्जन्म’ देण्याच्या नावाखाली चादरीत गुंडाळून दाबून ठेवले गेले आणि ती गुदमरून मेली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने या पद्धतीवर बंदी घातली.

पत्राच्या पुढे काय?

इंग्लंडने २०१५ मध्ये दत्तक मुलांच्या उपचारांसाठी स्वतंत्र निधी सुरू केला. हजारो कुटुंबांना त्याचा लाभ झाला. एप्रिल २०२५ मध्ये मात्र एका मुलामागची वार्षिक मर्यादा ५,००० पौंडांवरून ३,००० पौंडांवर आणली गेली आणि पालकांनी जोरदार विरोध केला. निधीचा आकडा आपल्याला परवडणारा नसेल. पण तत्त्व घेण्यासारखे आहे. दत्तकविधानानंतरचा उपचार हा कुटुंबाचा खासगी खर्च नसून बालसंरक्षणाचाच भाग आहे, हे ते तत्त्व.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर फार मोठ्या खर्चाशिवाय तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक जिल्ह्यातील नेमलेल्या समुपदेशकांची नावे आणि वेळा जाहीर कराव्यात. मदत करणारा समुपदेशक आणि अहवाल लिहिणारा कर्मचारी वेगळे ठेवावेत. आणि दोन वर्षांनंतर, कुटुंबाची इच्छा असेल तर, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पुन्हा दार ठोठावण्याची सोय ठेवावी. बालमनोविकारतज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपुरात एकवटलेले आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालयातून दूरदृश्य पद्धतीने त्यांच्याशी जोडता येईल. टेली-मानसमुळे तशी यंत्रणा उभी राहिलेलीच आहे.

मूल मिळावे म्हणून पालक तीन-तीन वर्षे रांगेत थांबतात. त्या काळात त्यांची कागदपत्रे, उत्पन्न, घर सगळे तपासले जाते. मूल आल्यानंतर कधी दमछाक झाली तर कुठे जायचे, हेही त्यांना त्याच काळात सांगायला हवे. मदत मागणारे पालक नापास झालेले नसतात. मुलाला धरून ठेवायचे आहे म्हणूनच ते मदत मागत असतात.