गेमिंग माऊस : मुलाचा हट्ट आणि घरातले हजार रुपये



मुलाने घरी येऊन "मला गेमिंग माऊस पाहिजे" म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न एकच येतो. अरे, आहे तो माऊस चालतो ना? मग हजार रुपये कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या घरात बापाचा ओव्हरटाईम आणि आईची भिशी मिळून महिना पुरा होतो, तिथे अडीचशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूला हजार-दीड हजार मोजायचे म्हणजे विचार हा झालाच पाहिजे. परंतु "खेळ म्हणजे उनाडपणा" असे म्हणून विषय तिथेच संपवणेही बरोबर नाही. तेव्हा आज या वस्तूची नीट ओळख करून घेऊ.

आधी एक भीती दूर करू. पुष्कळ आई-वडिलांना गेमिंग म्हटले की जुगार आठवतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. ती गोष्ट वेगळी आणि संगणकावर बसून मित्रांशी खेळायचा खेळ वेगळा. मुलगा कोणता खेळ खेळतो, त्यात पैसे लावतो काय, हे त्याच्या शेजारी बसून एकदा पाहावे. विचारले तर मुले सांगतात.

दुसरे पाहायचे ते हे की तो खेळतो कशावर. आपल्याकडची बहुतेक पोरे मोबाईलवर खेळतात. तिथे या माऊसचा उपयोग नाही. घरात संगणक किंवा लॅपटॉप असेल तरच पुढचे बोलणे. आणि तोही अडखळत चालत असेल तर महागडा माऊस आणून तो पळू लागणार नाही, हेही मुलाला आधीच सांगून ठेवावे.

माऊस ही वस्तू तशी जुनी. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली ती भर सभेत चालवून दाखवली. १९६४ चा त्यांचा पहिला नमुना तर चक्क लाकडी होता. मागे शेपटीसारखी वायर, म्हणून नाव उंदराचे. आजच्या माऊसच्या पोटात चाके नाहीत, एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि हात किती सरकला ते ओळखतो. म्हणून काचेच्या टेबलावर किंवा फार चकचकीत सनमायकावर माऊस वेडावतो. टेबल नसेल तर घरातला पाट घ्यावा आणि वर कापडी पॅड टाकावे. दीड-दोनशे रुपयांत पॅड मिळते.

आता खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांकडे येऊ. "१२,००० डीपीआय", "१६,००० डीपीआय" असे रंगीत अक्षरांत छापलेले असते आणि पोरे त्यालाच भुलतात. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला तर बाण पडद्यावर किती ठिपके सरकेल तो आकडा. साधा पडदा १९२० ठिपके रुंद असतो. ८०० डीपीआयला हे टोक ते ते टोक जायला सुमारे अडीच इंच हात हलवावा लागतो. ८,००० ला पाव इंच! पाव इंचात कुणाचा नेम लागणार? नेमबाजीच्या खेळातले पट्टीचे खेळाडूही बहुधा ४०० ते १,६०० याच दरम्यान खेळतात. थोडक्यात, मोठ्या आकड्याला जादा पैसे मोजू नयेत.

खरा फरक दुसरीकडे आहे. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा निरोप देतो, गेमिंग माऊस १,००० वेळा. म्हणजे तिथे दोन निरोपांत आठ मिलिसेकंद आणि इथे एक. कारकुनी कामात हे जाणवणार नाही, वेगवान खेळात जाणवते. शिवाय सेन्सर चांगला असेल तर हात जोरात फिरवला तरी बाण भरकटत नाही. हजार-दोन हजारांच्या पट्ट्यात लॉजिटेकचा जी १०२ वर्षानुवर्षे विकला जातो. वजन ८५ ग्रॅम, सहा बटणे, कमाल ८,००० डीपीआय, आणि वायरचा. तोच घ्या असे आमचे म्हणणे नाही, पण दुकानात दुसरा कोणता दाखवला तर तोलायला हे माप हाताशी असू द्यावे. बिनवायरचा मात्र या किमतीत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बॅटरी, चार्जिंग ही कटकट कशाला?

माऊस हातात धरून घ्यावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदार खोके उघडून दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जावे. तळहात मोठा असेल तर छोट्या माऊसवर बोटे आखडतात आणि तासाभरात मनगट भरून येते. मूल डावखुरे असेल तर अंगठ्याची बटणे कोणत्या बाजूला आहेत ते आधी पाहावे, बहुतेकांना ती डावीकडेच असतात. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये आणि पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. फूटपाथवरचा "तोच माल, निम्म्या किमतीत" हा बहुधा तो माल नसतो. दुकानदाराने वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे, तो लिहून ठेवावा.

आता एक गोष्ट, जी जाहिरातवाले सांगत नाहीत. या माऊसना दिवे असतात. लाल, हिरवे, जांभळे. स्वतंत्र खोली असलेल्याला त्याची हौस वाटेल. पण एका खोलीत पाच माणसे झोपत असतील आणि पहाटेच्या पाळीला जाणारा बाप शेजारीच आडवा असेल, तर तो चमचमाट आणि ती टिकटिक घरात भांडण लावते. म्हणून दिवा पूर्ण बंद करता येतो काय, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. काही स्वस्त माऊसमध्ये तो बंदच होत नाही. टिकटिकीला मात्र वेळ ठरवून घेण्यावाचून उपाय नाही.

आणि हा माऊस एकट्या मुलाचा समजू नये. घरातली मुलगी डीटीपी करत असेल किंवा हिशेबाचे काम शिकत असेल तर तिला तो तितकाच उपयोगी पडतो. अंगठ्याच्या दोन बटणांना कॉपी आणि पेस्ट नेमून दिले की दिवसभराच्या कामात बोटांचे श्रम वाचतात. हे नेमायचे सॉफ्टवेअर कंपनीच्याच अधिकृत ठिकाणाहून घ्यावे. मुलाचा खेळ आणि मुलीचे काम एकाच वेळी आले तर काम आधी, एवढे घरात ठरलेले बरे.

वापरू लागल्यावर वर्षा-दोन वर्षांनी एक दुखणे निघते. एकदा दाबले की दोनदा दाबल्यासारखे होते, धरलेली फाईल मध्येच सुटते. बटणाखालच्या स्विचमधली बारीक पत्री झिजल्याने असे होते. वॉरंटी असेल तर माऊस बदलून मागावा. नसेल तर फेकू नये. स्विच पन्नास रुपयांच्या आत मिळतो आणि वस्तीत मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही जाणता मुलगा तो डाग देऊन बसवतो. एरवी खालच्या गुळगुळीत पट्ट्यांवरचा मळ कोरड्या फडक्याने पुसावा, सेन्सरच्या भोकातला केर कापसाच्या काडीने अलगद काढावा. पाणी लावू नये. वायर माऊसभोवती गच्च गुंडाळू नये, मानेशी तुटते. रात्री ती वर टांगून ठेवावी. चाळीतले खरे उंदीर या उंदराची शेपटी मोठ्या आवडीने कुरतडतात, आणि त्याला कोणतीच कंपनी वॉरंटी देत नाही.