लोहखाऊची बाजू

गेल्या दिवाळीत आमच्या जेल रोडवरच्या सोसायटीत एका राक्षसावरून जे रणकंदन माजले, त्याचा निकाल यंदा लागला आहे. आणि तो निकाल मला मान्य नाही. किल्ला-स्पर्धेच्या नियमावलीत एक नवे कलम घुसडण्यात आले आहे: ‘किल्ल्यावर केवळ इतिहासाला धरून असलेल्या वस्तूच मांडाव्यात.’ वाचायला कलम मोठे सोज्ज्वळ आहे. पण त्याचा सारा रोख माझ्या नातवाच्या राक्षसावर आहे. राक्षसाला स्वतः कमिटीपुढे उभे राहता येत नाही, म्हणून त्याचे वकीलपत्र मी घेतले आहे.

घडले ते असे. नातवाने आणि त्याच्या दोस्तांनी रामशेज केला होता. दिंडोरीच्या वाटेवरचा, आपला रामशेज. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो काही वर्षे झुंजवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्यांवर कातडे चढवले आणि त्याच डागल्या, असे खाफीखानाने लिहून ठेवले आहे. मुलांनी पेन्सिलींच्या तुकड्यांना जुन्या चपलेचे चामडे गुंडाळून तशा तोफा केल्या. इथवर सारे ठीक होते. पण गडाच्या पोटात त्यांनी एक भुयार खणले आणि त्यात मातीचा एक प्राणी बसवला. तीन पाय, तीन हात, आणि तोंड थेट माथ्यावर! शेजारी पाटी लावली: ‘रामशेजवर लोखंडी तोफा का नव्हत्या? याने खाल्ल्या!’

परीक्षक म्हणून आलेले आमचे निवृत्त हेडमास्तर पाटी वाचून लाल झाले. “शिवरायांच्या गडाखाली हे विलायती भूत?” म्हणून कडाडले आणि त्यांनी शून्य गुण दिले. १६८२ साली गादीवर संभाजीराजे होते, हे ‘इतिहासाला धरून’ मी येथे नम्रपणे नमूद करतो.

आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला, राक्षस विलायती. खरे आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी वीर व्हायचे, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि तोंडाने गोष्ट रचत जायची. त्या खेळाच्या राक्षसांच्या पोथीत झॉर्न नावाचा जीव आहे. तो खडकातून पाण्यातल्या माशासारखा जातो आणि खनिजे, रत्ने, मौल्यवान धातू खातो. नातवाने आपल्या लोहखाऊचे हातपाय तिथून उचलले, हे मी कबूल करतो. पण धातू खाणारे जीव आपल्याकडे नव्हते काय? पंचतंत्रातल्या वाण्याचा लोखंडी तराजू उंदरांनीच खाल्ला होता ना! निदान ज्याच्याकडे तो ठेवायला दिला, तो शेठ तसे सांगत होता. ही गोष्ट हेडमास्तरांनी आयुष्यभर वर्गात शिकवली. तिचे तात्पर्य मात्र ते विसरले: लोखंड नाहीसे झाले की बोट जनावराकडे दाखवले जाते, आणि ते पचवलेले असते शेठजींनी.

दुसरा आक्षेप, राक्षसामुळे गडाचा अपमान होतो. मग शेजारच्या किल्ल्यावर महादरवाजापेक्षा मोठा प्लॅस्टिकचा वाघ होता आणि बुरुजावर हेलिकॉप्टर उतरले होते, त्याला दुसरे बक्षीस कसे मिळाले? आणि याच रामशेजपुढे हात टेकलेल्या मोगल सरदाराने एका मांत्रिकाच्या नादी लागून सोन्याचा नाग घडवून घेतला होता, हेही खाफीखानानेच लिहिले आहे. तिथे थोरामोठ्यांनी नाग नाचवला. माझ्या नातवाने फक्त एक प्रश्न विचारला. तोफा लाकडाच्या का? उत्तर चुकले असेल, पण हा प्रश्न त्या दिवशी दुसऱ्या कोणत्या किल्ल्यावर होता?

तिसरा आक्षेप, दगड खाऊन कोण जगते? १९४७ साली अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींतून पाझरणाऱ्या आंबट पाण्यात एक जिवाणू सापडला. पाण्यातल्या लोहाचे रूप पालटताना जी शक्ती सुटते, तिच्यावर तो गुजराण करतो. आज हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबे सोडवायला खाणवाले असल्याच जिवाणूंना राबवतात. तेव्हा लोहखाऊ आहे. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

माझे स्वतःचे भांडण वेगळे आहे, आणि ते मी नातवाशीही मांडले. खेळात वीर भुयारात उतरतात आणि लोहखाऊला मारतात. का? तो माणसे खात नाही. झॉर्नलाही मांस पचत नाही; तो आधी तुमच्याजवळचा धातू मागतो, देवघेव करू पाहतो, आणि मगच अंगावर येतो. त्याचा गुन्हा एवढाच, की जे आपल्याला उचलून न्यायचे आहे ते तो जागेवर खातो. मध्य भारतातले अगरिया लोक पिढ्यान् पिढ्या भट्टीत लोखंड गाळीत आले. लोहासुराला त्यांनी मारले नाही, पुजले. वेरियर एल्विनने १९४२ साली त्यांच्यावर आख्खे पुस्तक लिहिले. असुराच्या घरचे न्यायचे तर त्याला विचारून न्यावे, ही समज त्या भट्टीवाल्यांना होती.

नातवाच्या वहीत लोहखाऊचा आहार लिहिलेला आहे: ‘दिवसाला एक ढाल किंवा दोन तलवारी. पोट भरले की सात दिवस झोप.’ असे का, म्हणून विचारले, तर म्हणाला, “आजोबा, आकडा नसला तर तो सगळा डोंगर खाईल, मग खेळच संपेल.”

दहा वर्षांच्या पोराचे हे वाक्य ऐकून मला गोवा आठवला. आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात लोह आहे, पण शंभरात दहाएक भाग; त्यावर कुणाचे पोट भरायचे नाही. सिंधुदुर्गातल्या रेडीपासून खाली गोव्यात उतरले की मात्र तांबड्या डोंगरांत ते भरपूर आहे. तिथे आकडा कुणी लिहिला नव्हता. डोंगरांच्या जागी खड्डे झाले, त्यांत पाणी साचले, मातीचे ढिगारे पावसात शेतांत उतरले. २०१२ साली आधी सरकारने आणि लगोलग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ साली बंदी उठवताना न्यायालयाला लिहावे लागले: वर्षाला दोन कोटी टन, अधिक नाही. २०१८ साली पुन्हा ८८ खाणपट्टे रद्द करावे लागले. पोराने एका ओळीत जे लिहिले, त्यासाठी आम्हा मोठ्यांना देशाचे सर्वात मोठे न्यायालय लागले!

लोखंड नको, असे मी म्हणत नाही. आमच्या स्टेशनातून गाडी रुळांवरूनच सुटते आणि घरचा तवाही लोखंडाचाच आहे. माझे म्हणणे इतकेच, की भूक ज्याची त्याच्या वहीत आकडा असावा. राक्षसाच्या वहीत तो आहे.

म्हणून कमिटीला माझी जाहीर विनंती आहे: ते कलम काढा. मुले यंदाही रामशेज करणार आहेत आणि भुयारही खणणार आहेत. हेडमास्तरांनी अवश्य यावे. मात्र लोहखाऊला देण्यासाठी नोट आणू नये. माझी सारी नोकरी इथल्या नोटांच्या छापखान्यात गेली, तेव्हा हे अधिकाराने सांगतो: कागदाला तो तोंड लावत नाही. येताना एक रुपयाचे नाणे आणावे, आणि ते त्याने मागितल्यावरच द्यावे.